गावपळणीतली लाईट

१

दाजी मास्तर मेलेले सापडले ते स्वतःच्या घराच्या पायरीवर, आणि मेले तेव्हा त्यांच्या भोवती अख्खं गाव रिकामं होतं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं. माणूस नाही, गुरं नाहीत, कोंबडी नाही, दारापुढच्या खळ्यात भुंकायला कुत्रंसुद्धा नाही.

कारण आमची गावपळण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर काही वर्षांनी रवळनाथाचा कौल झाला की आमचं माणगेखोल तीन रात्री देवाच्या हवाली करून आम्ही खाडीपलीकडे जातो. चूल विझवायची, दिवा लावायचा नाही, खांबावरून लाईट बंद करून घ्यायची आणि वेशीबाहेर झावळांच्या राहुट्या ठोकून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं, आणि देवाबरोबर आणखी जे कोण असतं त्यांचं. कोण असतं ते कोणी सांगत नाही. मी आनंदी कासले, जन्म पोलिसात काढला, मढी बघितली, खुनी बघितले. पण गावपळणीला मीसुद्धा कोंबडी बगलेत मारून सगळ्यांच्या पुढे पळते. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं आणि एक रात्र तिथे राहून दाखवावं.

त्या सकाळी देवाने परतीचा कौल दिला. गावाच्या वतीने देवाला विनवायचं ते गाऱ्हाणं दरवेळी गावचे पहिले मानकरी, गावकर बाबू परब घालतात. पण त्यांचा घसा बसला म्हणून दुसऱ्या घराण्यातल्या मानकऱ्याला पुढे केलं. तो इतका अडखळला की देवसुद्धा कंटाळला असेल. मग सुशांत घाड्याने देवाचं तरंग, म्हणजे साडी नेसवलेला देवाचा खांब, खांद्यावर घेतलं, ढोल वाजले आणि दुपारी आम्ही खाडीवरच्या साकवावरून गावात शिरलो.

परतताना एक रीत आहे. कडी काढण्याआधी दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "आमी इलो." आत जे कोण वस्तीला आलं असेल त्याने निघून जावं म्हणून. वाडीवाडीतून ते 'आमी इलो, आमी इलो' ऐकू येत होतं. आणि मध्येच दाजी मास्तरांच्या खळ्यातून गौरजाची किंकाळी आली.

मास्तर पायरीवर उताणे पडले होते. डोक्यामागे रक्त वाळून काळं झालेलं. डोळे मिटलेले, हात छातीवर. गौरजा, त्यांची एकुलती मुलगी, त्यांच्या पायांशी बसली होती.

"कोणी हात लावू नकात!" बाबू परब असे गरजले की माडांवरचे कावळे उडाले. "तेका देवान नेल्यान! आणि ह्या चेडवान खोटा सांगल्यान. वेशीर माणसा मोजली तेव्हा म्हणाला, आबा तापान झोपलेहत. देवाच्या तोंडार खोटा! ह्या घराक आता गावाचो खांदो मिळूचो नाय."

मी आजूबाजूला बघितलं. ज्यांना मास्तरांनी इंग्रजी शिकवलं, ज्यांच्या नोकरीचे अर्ज लिहून दिले, ते सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मला असा संताप आला म्हणून सांगू!

२

तालुक्याहून पोलीस आले. फौजदार पोरगेलासा होता, मला ओळखत होता. "मावशी, म्हातारा माणूस, पाय घसरला," म्हणाला. बॉडी शवविच्छेदनाला गेली. परत येणार तिसऱ्या दिवशी दुपारी.

गाडी वळणाआड गेल्यावर गौरजा माझ्याकडे आली. मालवणात बालवाडी चालवते ती. चाळिशीची झाली तरी मला अजून दोन वेण्यांतलीच दिसते.

"आनंदीमावशी, माका गावातसून घालवतले तर जातंय मी. पण आबांका एकटी कशी नेतलंय? चार खांदे तरी होये मगे?"

"आबा मागे रवले कित्या ता सांग आधी."

ती सांगू लागली. सावित्रीवैनी, तिची आई, गेली त्या दिवसापासून मास्तर रोज दिवेलागणीला तिच्या नावाने पडवीच्या कोनाड्यात समई लावायचे. एक दिवस चुकवला नव्हता. "गावपळण देवाची आसा, पण समई माझ्या बायलेची," असं म्हणून ते घरामागच्या मांगरात लपून राहिले आणि लेकीला खोटं बोलायला लावलं. ते ऐकून मला राग आला आणि गहिवरूनही आलं. कसला हट्टी म्हातारा!

आणि मग माझ्या अंगावर काटा उभा राहिला. कारण ती समई आम्ही सगळ्यांनी बघितली होती.

पहिल्या संध्याकाळी राहुट्या ठोकायच्या गडबडीत पलीकडे कोणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी राहुट्यांत चुली पेटत होत्या. पोरं खाडीकडे बोट दाखवून ओरडली, "लाईट! लाईट!" पलीकडे काळ्याठिक्कर गावात, माडांच्या आत, एकच पिवळी लाईट. वीज तर खांबावरूनच तोडलेली. बायकांनी पोरांचे डोळे झाकले. बाबू परब म्हणाले, "कोणी बघू नकात, देवाचो उजेड आसा तो." आम्ही पाठ करून बसलो. पाठीवर ती लाईट जाणवत होती, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळाने हळूच बघितलं तर नव्हती. तिसऱ्या संध्याकाळीही दिसली नाही.

म्हणजे मास्तर गेले ते दुसऱ्याच संध्याकाळी.

मी गौरजाबरोबर पडवीत गेले. पडवीची भिंत म्हणजे मास्तरांचा फळा. वर खडूने इंग्रजीत एकच शब्द, लाईट, आणि खाली गावाने आणून दिलेले अर्थ. त्यांचं वेडच होतं ते. म्हणायचे, "हे इंग्रज बघ, उजेड आणि हलकं दोन्ही एकाच शब्दात कोंबून मोकळे झाले. पण त्यांची लाईट ना बाई ना बुवा. आमी तिका बाई केली. ती येता, जाता, रुसता." कोणी नवा अर्थ आणला की पेपरमिंटची गोळी मिळायची. वीज, दिवा, बिल. फिकट रंग. हलकं जेवण. पेटवणे. मनावर न घेणे, म्हणजे 'लाईट घे'. डोक्यात पडते ती. समुद्रातल्या मनोऱ्यावरची. मासळी गोळा करायची. प्रत्येक अर्थासमोर तो आणणाऱ्याचं नाव. अर्धं गाव त्या भिंतीवर होतं, आणि त्याच गावाला त्यांना खांदा द्यायचा नव्हता.

कोनाड्यात समई होती. सरळ उभी. वातीची काजळी झालेली, तेल मात्र थेंबभरही नाही. मी वाकून बघितलं. तेल खाली होतं. पडवीच्या कडेपासून पायरीपर्यंत ओघळ गेलेला, वर मुंग्या.

"गौरजा, तू समई उचललंस?"

"नाय गो. मी भितर गेलंयच नाय."

समई खाली पडली, तेल सांडलं, आणि नंतर कोणीतरी ती उचलून परत कोनाड्यात ठेवली. मास्तरांनी नव्हे, ते पायरीवर पडले होते. आणि आणखी एक. बॉडी उचलायच्या आधी मी त्यांचं तोंड बघितलं होतं. ओठांत तुळशीचं पान होतं. वाळलेलं.

पाय घसरून मेलेला माणूस आपल्या तोंडात आपण तुळस घालतो काय?

३

कोणीतरी तिथे होतं. गावकऱ्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, देव. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देव समई उचलून ठेवत बसेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वेशीवर गेले. साकवाच्या तोंडाशी राखणदाराचा दगड आहे. गावाच्या हद्दीची राखण करणारा तो. निघताना अख्ख्या गावातर्फे त्याला नारळ ठेवतात, तो होता. पण दगडाच्या मागे, पटकन दिसू नये असा, पाच पानांचा विडा होता, वर सुपारी आणि बाजूला विडी. पानं सुकलेली, पण नारळाजवळच्या फुलांइतकी नाहीत. म्हणजे नंतर ठेवलेला.

गावपळणीत ज्याला आत जायचंच आहे तो असाच विडा ठेवेल, राखणदाराला सांगून, माफी मागून. आणि असं करायचं असतं हे माणगेखोलच्या माणसालाच माहीत.

तरी मी सगळ्यांकडे गेले. मास्तरांशी वाकडं असलेले गावात तिघंच होते.

पहिला चंदन. घाटावरचा, तारकर्लीला पर्यटकांना बोटीतून फिरवतो. मास्तरांची खाडीकाठची माडांची बाग त्याला तंबू ठोकायला हवी होती, मास्तर हाकलून देत होते. गावपळणीत तो तारकर्लीला होता म्हणे, पण कोण बघायला गेलं होतं!

"आत्या, तुम्ही जरा लाईट घ्या," तो म्हणाला. "मला बाग हवी होती, म्हाताऱ्याचा जीव नाही. मी त्यांना सांगितलेलं, बागेत लाईट अँड साउंडचा शो करू, तुमचंही नाव लावू."

"वेशीवरच्या राखणदाराक काय ठेवलंस?"

"राखणदार? वॉचमन ठेवलाय गावाने? कधी?"

मी कपाळावर हात मारला. हा माणूस विडा ठेवील तर फक्त स्वतःच्या तोंडात.

दुसरा सुशांत घाडी. तरंग धरलेला. देवगडच्या एका लाईटवाल्या बोटीत त्याची भागी आहे. समुद्रात रात्री झगझगीत लाईट मारून मासळी गोळा करतात, त्यावर बंदी आहे, आणि मास्तरांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. दुसऱ्या संध्याकाळी तो राहुटीत नव्हता.

"खंय होतंस?"

तो मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "दर्यात होतंय, आनंदीबाय. लाईट घेवन. आता करा काय करूचा ता."

"मास्तरांशी भांडण होता मगे?"

"होता. माका म्हणाले, सुशांता, तू मासळीक उजेड दाखवतस आणि आमच्या पोरांक काळोख. भिंतीर माझा नाव लिवल्यानी तेव्हा मी गोळी घेतलंय नाय. रागान." तो खाडीकडे वळला. "घेवक होयी होती."

खरं बोलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच राहुट्यांत ताजे बांगडे वाटले होते. मी स्वतः चार रिचवले. गावात शिरून, माणूस मारून, दर्यात जाऊन जाळं ओढून परत यायला तो काय मारुती आहे?

तिसरा सर्वेश, बाबू परबांचा मुलगा. मास्तर त्यांच्या भावकीतले, आणि भावकीत सामाईक वाटेवरून जुना तंटा. सर्वेश माझ्यासमोर घामाघूम झाला.

"माका कित्या विचारतात? लाईट मीच बंद केलंय, वायरमनाच्या वांगडा. खांबार मी उभो होतंय. थंय लाईट दिसूक शक्यच नव्हती! म्हणजे ती दुसरी कसली तरी होती मगे?" डोळे पांढरे झाले होते त्याचे. मोठा बाप्या, पण काल रात्रीपासून एकटा परसात जात नव्हता, असं त्याची बायको किशोरी मागून म्हणाली.

"बापाशीक काय वाटता?"

"बाबांका? बाबांचा माका काय समाजत नाय." तो एकदम कावला. "दरवेळी तरंग आमच्या घरान धरूचा. ह्यावेळी माका पुढे होवक दिल्यानी नाय. त्या सुशांताक दिल्यानी! लाईटवाल्याक! मी गंध लावन, उपाशी, तयार होतंय. सगळ्यांदेखत माझी लाज काढल्यानी."

मला वाटलं, बापलेकांची धुसफूस. मी कान दिला आणि सोडून दिला. त्या क्षणी मी किती मोठी चूक करत होते ते मला कळलं नाही.

४

बाबू परब पडवीत घोंगडीवर बसले होते. उंच, ताठ माणूस, पण एका दिवसात वाकल्यासारखा दिसला.

"आनंदीबाय, तुमी कित्या फिरतास घरोघर? देवाच्या कामात पोलिसी नको."

"देवाचा काम असला तर देवच माका गप करील," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खाडीकडे बघत राहिले. संध्याकाळ होत होती, घराघरांत लाईट लागत होत्या, मिक्सर घरघरत होते. गाव परत गाव झालं होतं. फक्त मास्तरांच्या घरात काळोख.

"तुमका दिसता?" ते अचानक हळू म्हणाले.

"काय?"

"थंय. माडांत. लाईट."

मी बघितलं. काहीच नव्हतं. पण ज्या स्वराने ते बोलले त्याने माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. दिसत नसलेली गोष्ट दिसतेय असं सांगणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे नाटक नव्हतं. बाबू परबांना ती लाईट खरोखर दिसत होती.

"मास्तर म्हणायचे," मी मुद्दाम म्हटलं, "लाईट ह्या शब्दाक लय अर्थ आसत."

"माका एकच म्हायती," ते म्हणाले. "गावपळणीत लाईट म्हणजे पाप."

मी उठले. जाताना मागल्या दारी किशोरी शेजारच्या सुगंधाकाकीच्या हातात देव्हाऱ्याची किल्ली देत होती. सुगंधाकाकी भावकीतली नव्हे.

"धा दिस आमच्या देवांका एक फूल घाल गो काकी," किशोरी सांगत होती. "भावकीत मयत झाला, आमका सुतक लागला. काल दुपारी बातमी कानार इल्यापासून आमी देवाक शिवाक नाय. सकाळी आमच्या म्हाताऱ्यांनी बरा केल्यानी म्हणा, नायतर—"

"नायतर काय?" मी दारातूनच विचारलं.

"काय नाय. म्हटलं, घसो बसलो म्हणान गाऱ्हाणा घालूक गेले नाय ता बरा झाला. नंतर कळला असता तर मनाक लागला असता तेंच्या."

लोक म्हणतात ना, डोक्यात लाईट पेटली. हा अर्थ मास्तरांच्या भिंतीवर मीच लिहायला लावला होता. ती पेटली, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. रात्रभर मी डोळ्याला डोळा लावला नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मास्तरांना खळ्यात उतरवलं. गौरजाने स्वतः बांबू आणून ठेवले होते, मडकंही तिनेच. गाव आलं होतं, पण आवाराबाहेर, कुंपणाला टेकून. कोणी आत पाऊल टाकेना. फौजदारांना मी बोलावून घेतलं होतं, ते आंब्याखाली उभे होते.

मी खळ्याच्या मधोमध उभी राहिले.

"बाबूदादा, जरा पुढे येतात? गावासमोर विचारूचा आसा."

ते आले. कसे न येतील, गावकर ते.

"परतीच्या सकाळी गाऱ्हाणा कित्या घातलास नाय?"

"घसो बसलो होतो."

"आणि त्याच दुपारी ह्या खळ्यात अशी बोंब मारलास की कावळे उडाले. ता काय दुसऱ्याच्या घशातसून?"

कुंपणावर कुजबुज झाली. मी थांबले नाही.

"जावंदे. कपाळार गंध नव्हता तुमच्या. तीर्थ घेतलास नाय, मांडवाच्या भायर गवतात उभे रवलास. मी बघलंय, पण माका वाटला, बरा नसात. स्वतःच्या झिलाक तरंग धरूक दिलास नाय, ज्याच्याशी भावकीचो संबंध नाय त्या सुशांताक दिलास. सर्वेशाच्या कपाळार गंध होता, तो देवाक शिवाक तयार होतो. म्हणजे तेका काय म्हायत नव्हता. तुमी तेका अडवलास." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "घसो नाय, देवाचो राग नाय. तुमी सुतक पाळत होतास, बाबूदादा. मयताचा सुतक कानार बातमी इल्यावर लागता. गौरजा किंचाळली दुपारी. तुमच्या कानार ती बातमी सकाळीच खंयसून इली?"

आमच्याकडे खून करून पळणारे आहेत, पुरावा जाळणारे आहेत. पण स्वतःच्या हातून मेलेल्याचं सुतक इमानाने पाळणारा माणूस फक्त आमच्याच गावात निपजू शकतो.

सर्वेश "बाबा!" असं म्हणून पुढे आला. बाबू परबांनी हात करून त्याला थांबवलं आणि पायरीवर बसले. त्याच पायरीवर.

"मारूक गेलंय नाय मी तेका," ते म्हणाले. "लाईट दिसली तेव्हाच समाजलंय, दाजी असतलो. दुसरो कोण एवढो हट्टी? राखणदाराक विडो ठेवलंय आणि गेलंय, दिवो इजवूक. तेका घेवन येवक. गावाक कळाच्या आधी. दाजी म्हणालो, बाबू, सावित्रीचो दिवो तो, हात लावू नको. मी लावलंय. तेणा हात धरल्यान, मी हिसडो मारलंय. समई पडली, तो पायरीर पडलो."

"लगेच गेले?" मी विचारलं.

"नाय."

"खिशात फोन होतो?"

"होतो."

"मगे कित्या केलास नाय?" हे ओरडणं माझं नव्हतं. कुंपणावरून सुशांत ओरडला होता.

"काय सांगू? गावकार गावपळणीत गावात गेलो म्हणान? माझ्या आज्यान, बापाशीन ज्या वेशीर पाय ठेवल्यानी नाय, थंय मी गेलंय म्हणान?" त्यांनी पायरीच्या दगडावरून हात फिरवला. "बसलंय तेच्या उशाशी. माका वाटला, देवाची मर्जी असली तर उठात. नाय उठलो. समई उचलून ठेवलंय. हात छातीर ठेवलंय. तुळस घातलंय."

"आणि दोन दिसांनी तेच्या लेकीक खांदो मिळूचो नाय म्हणालास," मी म्हटलं. मला आवरेना. "शिरा पडो तुमच्या तोंडार, बाबूदादा. तिच्या एका खोट्याचा एवढा केलास, आणि स्वतःचा पोटात घालून देवासमोर उभे रवलास!"

गौरजा इतका वेळ बापाच्या उशाशी होती. ती उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"बाबूकाका, आबा काय बोलले?"

त्यांची नजर विहिरीकडे गेली.

"शेवटाक. काय बोलले?"

"पाणी म्हणालो," बाबू परब म्हणाले. "दोनदा म्हणालो. बाव हय समोर होती. कळशी होती." त्यांचा आवाज आता खरंच बसला होता. "गावपळणीत बावीत कळशी सोडूची नसता, गौरजा. सोडली तर बाव बाटता. मी हात पुढे केलंय, आणि मागे घेतलंय."

कुंपणाजवळ कुणी बाई हुंदका देऊन रडू लागली. तिच्यामागून दुसरी. अंगणातल्या विहिरीपाशी बसून माणसाला तहानेने तळमळताना बघणारा हा मनुष्य दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो दुष्ट नव्हता. आयुष्यभर त्याने गावासाठी उपास केले होते.

गौरजा विहिरीकडे गेली. कळशी सोडली. दोर सरकत गेला, पाण्याचा डबक असा आवाज झाला, आणि ती भरलेली कळशी कडेवर घेऊन आली. बापाच्या तोंडावरचं कापड तिने बोटांनी बाजूला केलं आणि ओंजळीने पाणी घातलं. ओठांवरून, हनुवटीवरून, मानेवर. पुन्हा घातलं. पुन्हा. कोणी तिला थांबवलं नाही.

मग सुशांत कुंपण ओलांडून आत आला. मडकं उचललं. सर्वेश आला, तो बापाकडे बघायला धजत नव्हता. मागून बापये येत गेले, एकेक, मान खाली घालून. चंदनसुद्धा आला, चपला हातात घेऊन, त्याला कुठे उभं राहायचं कळेना.

बाबू परब उठले. दोन्ही हात पुढे करून तिरडीपाशी आले. भावकीतले सगळ्यात वडील ते, पहिला खांदा त्यांचा. कोणीही सरकून जागा दिली नाही. ते तसेच हात पुढे केलेले उभे राहिले, आणि फौजदार हळूच येऊन त्यांच्याजवळ थांबले.

गौरजाने तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"पिया, बाबूकाका," ती म्हणाली. "गावपळण संपली."

तांब्यातलं पाणी सांडत होतं. ते प्यायले की नाही हे मी बघायला थांबले नाही. मागल्या डाव्या बाजूला अजून एक खांदा कमी पडत होता. बाईमाणसाने खांदा द्यायचा नसतो म्हणतात. मी पदर खोचला आणि जाऊन उभी राहिले.